संसारांतील चार गोष्टी : कुत्र्यानें विषारी झाड खाल्लें तर—

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्यांच्या दिवाणखान्यांत मनी प्लांटची एक कुंडी आहे. घरांतील पांच महिन्यांच्या पिल्लानें एके दुपारीं त्या वेलीचीं दोन पानें चावलीं, आणि लागलीच त्याच्या तोंडांतून लाळ गळूं लागली. तें पुढच्या पंजांनीं तोंड घांसूं लागलें व केविलवाणें ओरडूं लागलें. सासूबाईंनीं त्यास चमचाभर साजूक तूप पाजलें. दोन-तीन तासांत पिल्लूं पूर्ववत् बागडूं लागलें. भगिनी विचारतात कीं, "तेव्हां झाडांच्या विषावर तूप हा उतारा समजावा काय ? तसें असल्यास केवढ्या कुत्र्यास किती तूप द्यावें, हें आपल्या सदरांत सांगाल तर पुष्कळांचा फायदा होईल."

प्रश्न वरवर साधा आहे, आणि त्याचें उत्तरहि एका शब्दांत देण्याजोगें आहे : नाहीं. तूप हा कोणत्याहि झाडाच्या विषावरचा उतारा नव्हे. परंतु तेवढें सांगून थांबणें मला बरें वाटत नाहीं. कारण याच तर्कानें आमच्या घरांतला एक जीव गेला, आणि तो तर्क लढविणारा दुसरा तिसरा कोणी नसून मीच होतों.

आमचें कुटुंब बोरीवलीस राहतें. आम्ही दोघे बंधु, दोघांचे संसार, आणि शेजारशेजारचीं दोन बिऱ्हाडें. नातवानें शिंपोलीच्या रस्त्यावरून एक गांवठी पिल्लूं उचलून आणलें. त्याचें नांव खंडू. ब्राह्मणाच्या घरांत कुत्रा कशाला, म्हणून पहिले आठ दिवस कुरकुर झाली. नवव्या दिवसापासून कुरकुर करणारी मंडळीच त्यास दूधपोळी कुस्करून देऊं लागली. खंडू वर्षाचा झाला असेल-नसेल, तोंच त्यानें दिवाणखान्यांतील डिफनबेकियाचें एक मोठें, पांढऱ्या ठिपक्यांचें पान चावलें. पुढचा प्रकार वरच्या पत्रांत आहे तसाच हुबेहूब घडला. मीं त्यास तूप पाजलें, वर कोमट पाण्यांत मीठ कालवून तेंहि पाजलें. संध्याकाळपर्यंत खंडू बरा झाला. त्या दिवसापासून मी घरांत वैद्य ठरलों. सकाळीं फिरावयास येणाऱ्या मंडळींनाहि मीं हा उतारा मोठ्या ऐटीनें सांगितला.

खरा प्रकार काय होता, तें मला पुढें कळलें. मनी प्लांट, डिफनबेकिया, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम हीं सारीं आपल्या अळवाचीं भावंडें होत. कच्चें अळूं घशाला खाजतें, हें कोणा गृहिणीस सांगावयास नको. म्हणून तर फतफत्यांत चिंच पडते. या कुळांतील झाडांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेट नांवाच्या द्रव्याच्या अतिसूक्ष्म सुया असतात. पान चावतांच त्या जिभेंत व हिरड्यांत रुततात. आग होते, सूज येते, लाळ सुटते. इंग्रजींत डिफनबेकियास 'मुका ऊस' अशा अर्थाचें नांव आहे, तें यामुळेंच. चावणाऱ्याची जीभ सुजून वाचा बंद होते. सूज घशाशीं जाऊन श्वास अडखळला तर मात्र तो प्रसंग गंभीर होय, आणि मग डॉक्टरांवांचून गति नाहीं. परंतु बहुधा असें होतें कीं पहिला चावा घेतांच कुत्रा तोंड मागें घेतो, फार खात नाहीं, आणि कांहीं तासांत आपोआप बरा होतो. तूप द्या, नका देऊं. मंत्र म्हणा, नका म्हणूं. तो बरा व्हावयाचा तो होतोच.

आपल्याकडे न्यायशास्त्रांत 'काकतालीय' म्हणून एक न्याय आहे. कावळा ताडावर बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें कोणी म्हणेल तर तें चूक होय. हा न्याय मीं मुलांना कितीदां समजावून दिला असेल याची गणति नाहीं. पण आपल्याच घरांत कावळा बसला आणि फळ पडलें, तेव्हां मला तो आठवला नाहीं. उलट मीं त्या कावळ्यास घरचा वैद्य करून ठेवलें.

पुढच्या वर्षीं ज्येष्ठांतली गोष्ट. पावसाळा तोंडावर आला म्हणून मीं गॅलरींतली कण्हेर छाटली. देवपूजेस रोज दोन तांबडीं फुलें मिळावीं म्हणून ती कुंडी मींच लावलेली. छाटलेल्या फांद्या सकाळीं कचऱ्याबरोबर जातील म्हणून कोपऱ्यांत रचून ठेवल्या. खंडूस काटक्या चघळण्याची भारी हौस. रात्रीं नऊच्या सुमारास जेवणें आटोपून मी गॅलरींत गेलों, तों तो एक फांदी पुढच्या पायांत धरून निवांत चावीत बसला होता. तिची साल सोललेली होती आणि तीन-चार पानें नाहींशीं झालीं होतीं.

सूनबाई म्हणाली, "बाबा, डॉक्टरांना फोन करूं या का ?"

मी म्हणालों, "अगं, गेल्या वर्षीं कुठले डॉक्टर आले होते ? तूप आण, आणि कोमट पाण्यांत मीठ घाल."

खंडूला दोनदां उलटी झाली. "निघालें विष," असें म्हणून मी निजावयास गेलों. बारा वाजून गेल्यावर नातवानें मला उठविलें. खंडूस पुन्हा उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले होते. पाय गार पडले होते. त्यास उभें राहवत नव्हतें. नातू त्याच्या छातीवर हात ठेवून बसला होता. तो म्हणाला, "आजोबा, याचं काळीज मधेच थांबतंय, आणि मग परत चालतंय."

आम्हीं त्यास रिक्षांत घालून रात्रीं उघड्या असणाऱ्या एका दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं विचारलें, "काय खाल्लं ?" मी म्हणालों, "कण्हेर." "किती वाजतां ?" "नऊला." त्यांनीं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें. सव्वा वाजला होता. ते मला कांहीं बोलले नाहींत. लगेच कामाला लागले. पहांटेपूर्वीं खंडू गेला. नऊला नेला असता तर तो वांचलाच असता, असें मी म्हणत नाहीं. परंतु ते चार तास खंडूचे होते, आणि ते मीं घालविले, एवढें खरें.

आणि याहून मला लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. लहानपणीं वडिलांपाशीं बसून मीं अमरकोश पाठ केला. त्यांत करवीर म्हणजे कण्हेर, तिच्या पर्यायांत 'हयमारक' असा शब्द आहे. हय म्हणजे घोडा. घोड्यास मारणारें तें हयमारक. पूर्वजांनीं त्या झाडाचें नुसतें नांव ठेवलें नाहीं, त्या नांवांतच धोक्याची सूचना लिहून ठेवली. जें झाड घोड्यास भारी, तें बारा किलोच्या कुत्र्यास काय सोडील ? तो शब्द मला साठ वर्षें तोंडपाठ होता. पण तो माझ्या गॅलरींतल्या कुंडीविषयीं आहे, हें मला कधीं सुचलें नाहीं.

कण्हेरीचें विष तोंडांत आग करीत नाहीं. तें हृदयावर जातें. हृदयाच्या पेशींत सोडियम व पोटॅशियम यांची ने-आण करणारी जी यंत्रणा असते, तीच तें अडवून धरतें. त्यामुळें ठोके मंदावतात, चुकतात, शेवटीं थांबतात. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्यानें १७८५ सालीं ज्या डिजिटॅलिस वनस्पतीवर ग्रंथ लिहिला, तिच्यांतील औषधी द्रव्याचीच ही जात. मोजून दिलें तर तें दुबळ्या हृदयास आधार देतें, आणि बेमाप पोटांत गेलें तर तेंच हृदय बंद पाडतें. कण्हेरीचें पान, फूल, साल, मूळ सर्व विषारी. वाळलेली फांदीसुद्धां विषारी. जनावरें तोंड लावीत नाहींत म्हणूनच महामार्गांच्या दुभाजकांत ती लावितात. परंतु गाईला जें कळतें तें घरांत वाढलेल्या कुत्र्याला कळेलच असें नाहीं.

म्हणून, भगिनींनो, 'झाडाचें विष' असें एक विष नाहीं. विषें अनेक आहेत आणि त्यांच्या तऱ्हाहि अनेक आहेत. अळवाच्या कुळांतलें विष तोंडांत आग करतें, पण बहुधा जिवावर बेतत नाहीं. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, रुई आणि शोभेसाठीं लावितात तें कलांचो यांचें विष हृदयावर जातें. आणि एक झाड यांहूनहि कपटी आहे, तें सायकस. पुष्कळ रोपवाटिकांत तें 'सागो पाम' या नांवानें विकतात. वास्तविक तें ताडमाडाच्या कुळांतलेंच नव्हे. त्याचें सर्वांग विषारी असून बी अतिशय विषारी आहे. तें यकृताचा नाश करतें. पहिल्या दिवशीं कुत्र्यास एखादी उलटी होते, मग तो सुधारल्यासारखा दिसतो, आणि दोन-तीन दिवसांत कावीळ होऊन हातचा जातो. उपचार करूनहि पुष्कळ कुत्रीं वांचत नाहींत. याच्या शेजारींच ठेवलेला एरिका पाम मात्र अगदीं निरुपद्रवी. दोघांचें आडनांव एक, गुण भिन्न.

नांवावरून माणूस असाही फसतो. आमच्या बोरीवलीच्या डोंगरांतील कान्हेरीचीं लेणीं कण्हेरीवरून नांव पावलीं, अशी कित्येकांची समजूत आहे. तें नांव कृष्णगिरीवरून आलें आहे. त्याच डोंगरांत पावसाळ्यांत कळलावी फुलते. ज्वाळांसारख्या त्या फुलांच्या मोहानें कोणी तिचा कंद आणून कुंडींत लावितात. तिचेंहि सर्वांग विषारी, आणि कंद तर फारच. धोत्रा, गुंज, एरंडाचें बी हीं तर आपणांस ठाऊक आहेतच. पण एरंडीची पेंड आपण खत म्हणून कुंडींत घालतों, तिच्या वासानें कुत्रा माती उकरून ती खातो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. देवपूजेच्या निर्माल्याचेंहि तसेंच. महाशिवरात्रीचा धोत्रा आणि मारुतीची रुईची माळ हीं दुसऱ्या दिवशीं कुत्र्याच्या उंचीवर टोपलींत पडलेलीं असतात.

आतां प्रसंग आलाच तर काय करावें, तें क्रमानें सांगतों.

प्रथम कुत्र्यास झाडापासून दूर करावें आणि घड्याळ पाहावें. वेळ ध्यानांत ठेवणें हें निम्मं काम आहे. कारण पोटांतलें विष बाहेर काढण्याचा उपाय पहिल्या एक-दोन तासांतच विशेष उपयोगी पडतो.

दुसरें, तोंडांत पाल्याचे तुकडे राहिले असतील तर ते काढावे, आणि ओल्या फडक्यानें किंवा पाण्याच्या हलक्या धारेनें तोंड धुवावें. मान खालीं असावी, म्हणजे पाणी श्वासनलिकेंत जाणार नाहीं. येथें एक सावधगिरी पाहिजे. लाळ गळणें हें पिसाळण्याचेंहि लक्षण आहे. कुत्रा अनोळखी असेल किंवा त्यास पिसाळरोगाची लस टोचलेली नसेल, तर त्याच्या तोंडांत हात घालूं नये.

तिसरें, ताबडतोब पशुवैद्यांस फोन करावा आणि पांच गोष्टी सांगाव्या : कोणतें झाड, त्याचा कोणता भाग, अंदाजें किती, किती वाजतां, आणि कुत्र्याचें वजन किती. झाडाचें नांव ठाऊक नसेल तर घरांतल्या मुलांकडून मोबाइलवर त्याचें छायाचित्र काढवून तें पाठवावें. निघतांना त्या झाडाची एक डहाळी पिशवींत घालून बरोबर न्यावी. उलटी झाली असेल तर तीहि थोडी न्यावी. नुसतें "कसलं तरी पान खाल्लं" असें सांगितल्यानें डॉक्टरांचा अमूल्य वेळ जातो.

चौथें, लक्षणांची वाट पाहूं नये. कण्हेर, बिट्टी, सायकस, कळलावी यांपैकीं कांहीं पोटांत गेलें असेल, तर कुत्रा शेपूट हलवीत असला तरी त्यास तसाच घेऊन निघावें.

आतां काय करूं नये तें. मीठ पाजूं नये. उलटी व्हावी म्हणून पाजलेल्या मिठानें रक्तांतील सोडियम वाढून मेंदूला इजा होते व झटके येतात. म्हणजे एका विषावर आपण दुसरें विष चढवितों. मीं खंडूला तेंच केलें. तूप-तेल पाजूं नये. धडपडणाऱ्या जनावराच्या फुप्फुसांत तें उतरतें. दुधानें विष मरतें ही समजूतहि खोटी आहे. घशांत बोटें घालूं नयेत. माणसांचीं औषधें देऊं नयेत. चुलींतला कोळसा कुटून देऊं नये. डॉक्टर देतात तो कोळसा निराळ्या रीतीनें तयार केलेला असतो. उलटी करवावयाची कीं नाहीं, हें डॉक्टरांनीं ठरवावें. त्यांच्याजवळ त्यासाठीं इंजेक्शन असतें. शुद्धि हरपलेल्या किंवा झटके येणाऱ्या कुत्र्यास तर पाण्याचा थेंबहि देऊं नये.

कोणी म्हणेल, एका कुत्र्यासाठीं एवढी यातायात कशाला ? या मुंबईनें तसा प्रश्न फार पूर्वीं निकालांत काढला आहे. १८३२ च्या जून महिन्यांत, भटकीं कुत्रीं मारण्याची सरकारी मोहीम चालली असतां, पारशी मंडळींनीं कोट भागांत तिच्याविरुद्ध दंगा केला होता. पुढें परळास १८८३ सालीं बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय निघालें, आणि १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय सुरू झालें. अलीकडे २०२४ सालीं टाटा न्यासांनीं महालक्ष्मी येथें लहान प्राण्यांसाठीं मोठें रुग्णालय उघडलें आहे. परंतु परळ काय आणि महालक्ष्मी काय, बोरीवलीहून मध्यरात्रीं तीं जवळ नाहींत. म्हणून आपल्या घराजवळ रात्रीं उघडा असणारा दवाखाना कोणता, त्याचा क्रमांक काय, हें आजच विचारून घ्यावें आणि तो क्रमांक सर्वांस दिसेल अशा जागीं लिहून ठेवावा. प्रसंग आल्यावर शोधूं म्हणणारा माणूस मग तूपच शोधतो.

मात्र या सर्वांहून सोपी गोष्ट एक आहे. घरांत जेवढ्या कुंड्या आहेत, त्या सर्वांचीं नांवें जाणून घ्यावीं. कण्हेरीला हयमारक म्हणणारे, कळलावीला कळलावी म्हणणारे लोक झाडांना ओळखून होते. त्यांनीं नांवांतच सावध करून ठेवलें. आजचीं पुष्कळ झाडें परदेशांतून, रोपवाटिकेच्या गाडींतून, वाढदिवसाच्या भेटींतून आपल्या घरांत येतात. तीं आपला स्वभाव सांगत नाहींत. मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरांतील मोरेआ बेटाचा. आपण त्याच्याविषयीं एवढेंच जाणतों कीं तो पैसा आणतो! तेव्हां कुंडी विकत घेतांना "पाणी किती घालायचं ?" एवढ्यावर न थांबतां "याचं नांव काय, आणि हें खाल्लं तर काय होतं ?" असेंहि विचारावें. विक्रेत्यास ठाऊक नसेल तर घरीं येऊन शोधावें. पिल्लूं असलेल्या घरीं तुळस, मोगरा, गुलाब, जास्वंद हीं निर्धास्त लावावीं. बाकीचीं एकतर कुत्रा पोंचणार नाहीं अशा जागीं टांगावीं, नाहींतर ज्यांच्या घरीं कुत्रा व लहान मूल नाहीं त्यांस देऊन टाकावीं. लहान मूल म्हणण्याचें कारण उघड आहे; रांगतें मूल आणि पिल्लूं यांची उंची एकच, आणि जगाची ओळख करून घेण्याची रीतहि एकच.

आमच्या घरीं आतां प्रत्येक कुंडीस एकेक पाटी आहे. अक्षर नातवाचें. वर झाडाचें नांव, खालीं त्याचा गुण. कण्हेर मीं उपटली नाहीं. ती वर गच्चीवर, कुलपाच्या दाराआड नेली आहे, आणि देवाला तिचीं फुलें अजून मिळतात. तिच्या पाटीवरचा शब्द मीं नातवास सांगितला आणि त्याचा अर्थहि सांगितला. त्यानें कांहीं न बोलतां तो लिहिला.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझें सांगणें इतकेंच कीं, आपलें पिल्लूं तुपानें बरें झालें नाहीं. तें बरें होणारच होतें. त्याबद्दल देवाचे आभार मानावे, मनी प्लांट उंचावर टांगावा, आणि तूप पानांतल्या वरणभातासाठीं ठेवावें. सासूबाईंना हें सांगतांना माझी गोष्टहि सांगावी. म्हणजे त्यांस वाईट वाटणार नाहीं. त्यांच्याहून जास्त शिकलेला, त्यांच्याच वयाचा एक मनुष्य याच चुकींत सांपडला होता.

परवां नातवानें विचारलें, दुसरें पिल्लूं आणूं का म्हणून. मी म्हणालों, "आण. पण आधीं आपण दोघं सगळ्या पाट्या एकदां वाचून काढूं या."